कॉकटील आणि बजरीगर : रोजचं वजन, रोजची शी आणि पक्षी लपवतो ती दुखणी

तुरेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

“काल संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता, आज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलाय, काय करू?” हा प्रश्न इथे वरचेवर येतो. असा पक्षी एका रात्रीत आजारी पडलेला नसतो. बहुतेक वेळा आठ-दहा दिवस तो दुखणं अंगावर काढत असतो. कॉकटील आणि बजरीगर दोघेही पोपटाच्या जातीचे. असे पक्षी थव्यात राहतात आणि थव्यातला जो मलूल दिसतो त्याच्यावर ससाण्याची झडप आधी पडते. म्हणून आजारी कॉकटील माणूस जवळ आला की तुरा उभा करतो, पिसं अंगाशी चापून घेतो, वाटीपाशी जाऊन दाणे चोचीत घोळवत बसतो. सालं पडत राहतात, पोटात काहीच जात नाही. तुम्ही खोलीबाहेर पडलात की पुन्हा फुगून बसतो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, काट्याला कळतं. म्हणून सुरुवात वजनापासून करतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कॉकटीलला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा, बजरीगरला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा असावा. छोट्या लाकडी ठोकळ्यावर आडवी दांडी ठोकून तो काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि पक्षी चढवा. वेळ रोज एकच : सकाळची पहिली मोठी शी झाल्यानंतर आणि दाणा-पाणी देण्याआधी. आठवडाभर रोज घेतलेल्या आकड्यांची सरासरी हे तुमच्या पक्ष्याचं मूळ वजन. मोठा कॉकटील साधारण ८० ते ११० ग्रॅम भरतो, साधा बजरीगर ३० ते ४०. पण शेजाऱ्याच्या पक्ष्याशी तुलना कामाची नाही, तुमच्याच पक्ष्याच्या कालच्या आकड्याशी करा. दोन-तीन ग्रॅम खालीवर होणं रोजचंच. चार-पाच दिवस सलग उतरत गेलं तर शी, खाणं, झोप बारकाईनं बघायला लागा. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली की त्याच दिवशी डॉक्टर. ९० ग्रॅमच्या पक्ष्यात ही घट ९ ग्रॅमची, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढी असते. पिसांखाली ती अजिबात दिसत नाही.

काटा येईपर्यंत बोटानं छाती चाचपा. मधोमध उभं हाड लागतं, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं तर पक्षी वाळलेला आहे.

दुसरी गोष्ट शी. पिंजऱ्याच्या तळाला भुसा किंवा वाळू घालू नका, साधा कागद घाला आणि रोज बदला. एका शीत तीन भाग असतात : हिरवट किंवा तपकिरी दोरीसारखा घट्ट भाग, त्यावर खडूसारखा पांढरा भाग आणि भोवती पाण्याचा छोटा डाग. जागा असताना कॉकटील साधारण अर्ध्या तासाला एकदा शी करतो. संख्या निम्म्यावर आली तर खाणं निम्म्यावर आलंय असं समजा. प्रश्न असतील तर विचारा.

निळीशाई

दादा, शीचा रंग बदलला की दरवेळी घाबरायचं का? बीट दिल्यावर लाल पाणी दिसतं.

तुरेवाला

बीट आणि डाळिंबानं लाल, पालेभाजीनं गर्द हिरवा, पेलेटच्या (कारखान्यात बनवलेल्या खाद्याच्या गोळ्यांच्या) रंगानं पेलेटसारखा. काकडी, कलिंगड खाल्ल्यावर किंवा प्रवासात घाबरल्यावर पाण्याचा डाग मोठा होतो. हे सगळं काही तासांत आपोआप थांबतं.

घाबरायचं कुठे ते सांगतो. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा झाला की यकृताकडे बोट जातं. शी काळी आणि डांबरासारखी चिकट असेल तर आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव. अख्खे दाणे तसेच बाहेर पडत असतील तर पचनाचं काहीतरी गंभीर बिघडलंय. शी अगदी थोडी, गडद हिरवी आणि चिकट असेल तर पक्षी उपाशी आहे, येतंय ते नुसतं पित्त. एक अपवाद लक्षात ठेवा : अंड्यांवर बसलेली मादी शी धरून ठेवते आणि दिवसातून मोजक्या वेळा भलीमोठी, घाण वासाची करते. ते ठीक.

राळा_बाजरी

खाण्याचं मी लिहिते, कारण निम्मी दुखणी वाटीतून येतात.

दुकानात मिळणारं मिश्रण म्हणजे राळा (दुकानदार कांगणी म्हणतात), बाजरी आणि वर भरपूर सूर्यफूल. पक्षी आधी सूर्यफूल निवडून खातो. त्यात चरबी जास्त, कॅल्शियम कमी, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. वर्ष-दोन वर्षं हेच चाललं की एका बाजूला यकृतावर चरबी चढते, दुसऱ्या बाजूला अ जीवनसत्त्वाअभावी नाक, तोंड आणि घशाचं आतलं अस्तर जाड व कोरडं होतं. मग वारंवार शिंका, नाकपुडीत खडे, डोळ्याभोवती सूज. माणसं याला ‘सर्दी’ म्हणतात आणि औषध शोधतात.

मोठ्या कॉकटीलला दिवसाला एक ते दीड मोठा चमचा कोरडा दाणा पुरतो. माझ्या मते त्यात साधारण निम्मं पेलेट, बाकी राळा, बाजरी, वरी, थोडी करडई. सूर्यफूल वाटीतून काढाच, ते हातानं बक्षीस म्हणून दिवसाला चार-पाच दाणे. सगळंच पेलेट करायला मी सांगत नाही, कॉकटील आणि बजरीगर मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरचे गवताचं बी खाणारे पक्षी आहेत.

भाजी रोज. शेवग्याचा पाला सगळ्यात उत्तम, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व दोन्ही देतो, शिवाय फुकट. काडीसकट धुऊन ओलीच टांगा, पक्षी त्यात अंगही घासून घेतात. कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा, ढोबळी मिरची. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. पालक आठवड्यातून एखाद्या वेळी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. फळं चव पालटण्यापुरती. सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया काढूनच.

मोड आलेले मूग-मटकी फार चांगले, पण मोड नुकता फुटलेला असावा, दाणे दोन-तीनदा धुवावेत आणि उन्हाळ्यात दोन तासांत वाटी उचलावी. आंबूस वास आला की फेकून द्या.

अजिबात नको : ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारे शेंगदाणे, फरसाण. आणि आपल्याकडची जुनी सवय, दूध-पोळी. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही आणि भिजलेली पोळी तासाभरात आंबते.

माजघर

ताई, आठ महिन्यांचा कॉकटील आहे, सूर्यफुलाशिवाय कशाला तोंड लावत नाही. पेलेट दिलं की वाटी उलटी करतो. दोन दिवस उपाशी ठेवलं तर खाईल असं एकानं सांगितलं.

राळा_बाजरी

उपाशी ठेवू नका! एवढ्याशा पक्ष्याला दोन दिवसांची उपासमार जिवावर बेतते. त्याच्या लेखी पेलेट हे खाणंच नाही, ते खडे आहेत. ‘भूक लागली की खाईल’ हे इथे चालत नाही.

असं करा. आधी सूर्यफुलावरून राळा-बाजरीवर आणा, आठवडाभर रोज थोडं सूर्यफूल कमी करत. मग पेलेट मिक्सरमधून भरड काढा आणि किंचित ओलसर केलेल्या राळ्याला ती भुकटी लावा. दाणा सोलताना चव जिभेला लागते. चार-पाच दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या, भूक कडक असताना, पहिला तासभर फक्त बारीक पेलेट एका सपाट ताटलीत ठेवा. पक्षी वाटीपेक्षा जमिनीवर पसरलेलं जास्त टिपतो. तुम्ही समोर बसून बोटानं टकटक करत टिपल्यासारखं करा, थव्यातला एक खातोय म्हटलं की दुसरा येतो. तासानंतर नेहमीचे दाणे. हे दीड-दोन महिने चालू शकतं. या काळात वजन रोज. मूळ वजनाच्या पाच टक्के उतरलं की दोन पावलं मागे.

आणि वाटीवर रोज फुंकर मारा. सोललेली टरफलं वर साचतात आणि वाटी भरलेली दिसते. खाली एक दाणा नसतो. घरचे “वाटी तर भरलीय” म्हणून पुढे जातात आणि पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो. सुट्टीत पक्षी दुसऱ्याकडे ठेवताना हे आवर्जून सांगा.

सह्यकडा

समुद्रफेस (कॅल्शियमसाठी देतात ते कटलफिशचं पांढरं हाड) आणि वाळूचे खडे दोन्ही ठेवायचे का?

राळा_बाजरी

समुद्रफेस हो. मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेला बांधा. वाळूचे खडे नको. कबुतरं-कोंबड्या दाणा अख्खा गिळतात, त्यांना दळायला खडे लागतात. पोपट दाणा सोलून खातो. आजारी पक्षी असे खडे अधाशासारखे खातो आणि पोटाचा रस्ता तुंबतो.

पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकण्याचंही तसंच. पाणी गोडसर होतं, काही तासांत बुळबुळीत, आणि चव बदलली म्हणून पक्षी कमी पितो. साधं पाणी, दिवसातून दोनदा बदलून, भांडं घासून.

झिरोचा_दिवा

घरातल्या जीवघेण्या गोष्टी एका ठिकाणी असाव्यात म्हणून लिहितो.

पहिला नंबर नॉनस्टिकचा. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की काही मिनिटांत २६० अंशांच्या पुढे जातो आणि त्या थरातून वायू सुटायला लागतो. आपल्याला बहुधा घसा खवखवण्यावर किंवा फ्लूसारख्या कणकणीवर भागतं. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते, त्याला जोडून नऊ हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवेतलं जे काही आहे ते त्याच्या रक्तात आपल्यापेक्षा कितीतरी वेगानं उतरतं. पक्षी दांडीवरून पडतो आणि काही मिनिटांत संपतो, उपचाराला वेळच मिळत नाही. स्वयंपाकघराचं दार लावणं पुरत नाही. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, काही इस्त्र्यांचे तळ, काही हीटर यांनाही हाच थर असतो. बिडाचा किंवा लोखंडी तवा आणि स्टीलची कढई, एवढं बदल करणं पक्षी आणण्याआधी व्हायला हवं.

धूर : अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी, ताजा रंग, फिनेलचा वास. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, ती बारीक विणीची आणि चोचीला न लागेल अशी ताणून.

छताचा पंखा. आपल्या घरांमध्ये मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांचा हा सर्वांत मोठा शत्रू. पक्षी बाहेर असेपर्यंत बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे पाहुणाही सवयीनं दाबणार नाही. आरसे आणि काचेच्या खिडक्यांवर पडदा. कमोडचं झाकण, पाण्याची बादली, गरम तेलाची कढई, सगळं झाकलेलं.

पिंजरा गच्चीत किंवा बाल्कनीत रात्री ठेवू नका. कावळे, बोका, घूस, काही भागांत माकडं. मांजराचा दात नुसता लागला, रक्त दिसलं नाही, तरी तासाभरात डॉक्टर गाठा. मांजराच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेतात.

नवीन पिंजऱ्याच्या जस्ताच्या तारेवर पांढरट भुकटी असते ती ब्रश आणि व्हिनेगरनं घासून, खळखळून धुऊन, उन्हात वाळवा. कॉकटील दिवसभर तार चावतो. जस्त पोटात गेलं की तहान वाढते, शी पाण्यासारखी होते, पुढे अशक्तपणा आणि झटके. स्वस्त घंट्यांच्या लोळीत शिसं असतं, त्या काढून टाका.

निळीशाई

पिंजऱ्याचं माप काय धरायचं? दुकानात गोल पिंजरा देतात.

झिरोचा_दिवा

गोल नको. एका कॉकटीलला किमान २४ इंच लांब, १८ रुंद, २४ उंच. लांबी महत्त्वाची, पक्षी आडवा उडतो. तारांमधलं अंतर कॉकटीलला दीड सेंटिमीटरच्या आसपास, बजरीगरला एक ते सव्वा. जास्त असेल तर डोकं अडकतं. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या घाला, दीड ते दोन सेंटिमीटर जाड, कुठे जाड कुठे बारीक. एकाच जाडीवर सतत उभं राहिलं की तळपायावर लाल चट्टा आणि मग जखम होते. सँडपेपरवाली दांडी तर मुळीच नको.

आणि माझ्या नावाप्रमाणे : कॉकटील रात्री दचकतात. अंधारात पाल सरकली, भांडं पडलं की पंख आपटत पिंजरा डोक्यावर घेतात आणि नवीन फुटणारी, रक्त भरलेली पिसं मोडून घेतात. झिरोचा दिवा लावून ठेवा आणि पिंजरा तीन बाजूंनीच झाका. आवाज आला तर दिवा लावून हळू आवाजात बोला, लगेच हात घालू नका.

पाखरवैद्य

रक्ताचा विषय निघाला म्हणून. ९० ग्रॅमच्या पक्ष्यात सगळं मिळून ८-९ मिली रक्त असतं. नख तुटलं तर टोकावर कॉर्नफ्लोर दाबून धरा, दोन मिनिटं, मध्येच उचलून बघू नका. रक्ताचं पीस मोडलं तर कापसानं दाबून धरा. दहा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे, ते पीस मुळातून काढावं लागतं. घरी उपटू नका, वेड्यावाकड्या झटक्यात पंखाचं हाडही मोडतं.

आजारी पक्षी आणेपर्यंत त्याला ऊब द्या, ती औषधाइतकीच लागते. खोका किंवा छोटा पिंजरा, एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा पिवळा बल्ब, दुसरी बाजू थंड, म्हणजे नको झालं की त्याला सरकता यावं. आतलं तापमान २९ ते ३२ अंश. दांडी काढून तळाला टॉवेल, दाणा-पाणी चोचीच्या टप्प्यात. तोंड उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरले असतील तर जास्त गरम झालंय. तोंडात जबरदस्तीनं पाणी किंवा मधाचं पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाला खालीवर होत असेल तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडतायत. त्याला सकाळपर्यंत थांबवू नका.

आणि एक कळकळीची विनंती : दुकानातून मिळणारी पिवळी पावडर पाण्यात टाकणं थांबवा. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे औषधाची मात्रा पोचत नाही. रोग दबतो, मरत नाही, आणि आमच्याकडे तपासणीला आला की काही सापडत नाही.

ओलावा

डॉक्टर, पोपटांपासून माणसाला होणारा आजार नेमका कोणता? घरात म्हातारी माणसं आहेत.

पाखरवैद्य

सिटॅकोसिस. जंतू क्लॅमिडिया सिटॅसी. पक्ष्यात डोळे चिकट, नाक वाहतं, पोपटी रंगाची शी, वजन घटतं. काही पक्षी वरून ठणठणीत राहून जंतू पसरवतात. वाळलेली शी झाडताना उडणाऱ्या धुळीतून माणसाला लागण होते. ताप, सणकून डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना “घरी पोपट आहे” हे आपण होऊन सांगा, त्या एका वाक्यानं औषध बदलतं. माणसात तो वेळेवर ओळखला तर बरा होतो.

पक्ष्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक ४५ दिवस चालतं. पंधराव्या दिवशी पक्षी टुणटुणीत दिसतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. या काळात समुद्रफेस काढून ठेवा, कॅल्शियम त्या औषधाला पोटातच बांधून टाकतं. पिंजरा साफ करताना कागद आधी पाण्यानं ओला करा, मग गुंडाळा, कोरडा झाडू नको.

नवीन पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत. आधी जुन्याचं दाणापाणी, मग नव्याचं, मग हात धुणं.

बजरीगरवाल्यांसाठी दोन गोष्टी. चोचीच्या वर आणि कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेला पांढरट थर दिसला तर ती खरूज आहे, सूक्ष्म किडीमुळे होते. औषध अगदी मोजून लागतं, कुत्र्याचं औषध अंदाजानं लावल्यानं पक्षी मरतात. दुसरं, पक्षी दिवसभर खातोय तरी वाळतोय आणि शीत अख्खे दाणे दिसतायत तर जठरातल्या बुरशीची तपासणी करून घ्या. ताजी शी तासाभराच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी.

माजघर

हल्ली फार चावतोय. आधी बोटावर बसायचा.

तुरेवाला

वय आठ महिने, म्हणजे वयात येतोय. चावण्याआधी तो सांगतो, आपण वाचत नाही. तुरा डोक्यावर सपाट चापलेला, मान पुढे, तोंडातून हिस्स असा आवाज : हात मागे घ्या. तुरा एकदम ताठ उभा आणि अंग बारीक : दचकलाय, थांबा. तुरा सैल, किंचित मागे झुकलेला, एक पाय पोटात, चोच करकर घासतोय : निवांत आहे, झोप येतेय. मान खाली करून पिसं फुलवली तर डोकं खाजवा म्हणतोय.

पंख अंगापासून थोडे उचलून, ऐटीत चालत शीळ घालणारा नर रंगात असतो, त्यावेळी हात घालू नका. पाठीवर आणि पंखाखाली कुरवाळणं बंद करा. पक्ष्यांमध्ये तो जोडीदाराचा स्पर्श आहे, त्यानं तो आणखी बेभान होतो. फक्त डोकं आणि गाल.

पुन्हा शिकवायचं तर राळ्याचं कणीस घ्या. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याबाहेरून तारेतून खायला द्या. मग हात आत, स्थिर, कणीस बोटाच्या पलीकडे अशा अंतरावर की पोचायला एक पाय बोटावर ठेवावा लागेल. दुसरा पाय आपोआप येतो. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याचं मन असतानाच थांबवायचं. चावलाच तर ओरडू नका, झटकू नका आणि लगेच पिंजऱ्यातही टाकू नका. चावलं की सुटका होते हे त्याला एकदा कळलं की तो तेच करतो. हात जागीच धरा, दोन क्षण थांबा, मग जवळच्या दांडीवर उतरवा.

ओलावा

किंचाळण्यावर काही?

तुरेवाला

सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं थवा एकमेकांना हाका मारतो, ते थांबवता येत नाही, थांबवूही नये. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेल्यावर येणारी हाक “कुठे आहेस?” एवढीच असते. तिला ठरलेल्या एका शिळेनं उत्तर द्या. किंचाळत असताना धावत गेलात, अगदी रागवायला का होईना, तर त्याला ते बक्षीस. तो गप्प झाला की दोन-तीन सेकंदांत जा. पक्ष्याला दहा ते बारा तास शांत अंधारी झोप लागते. टीव्हीच्या खोलीतला पिंजरा रात्री साडेअकरापर्यंत जागा असेल तर दिवसा किरकिर होणारच.

सह्यकडा

पंख कापावेत की नाही? पंखा, खिडक्या हे सगळं वाचून कापलेले बरे वाटतात.

झिरोचा_दिवा

मी विरोधात आहे. न उडणाऱ्या कॉकटीलची छाती वाळते, वजन वाढतं, आणि घाबरला की तो दगडासारखा खाली आपटतो. छातीची कातडी फाटलेले पक्षी याच कारणानं येतात.

पाखरवैद्य

मी सरसकट विरोध करत नाही, सतत ये-जा असलेल्या घरात काही काळापुरतं चालतं. पण दोन्ही पंखांची, बाहेरून पाच-सहाच मोठी पिसं, वरच्या छोट्या पिसांच्या रेषेखाली. एकाच पंखाची कापली तर पक्षी गिरकी घेऊन पडतो. दांडा निळसर-गडद दिसत असेल तर त्यात रक्त आहे, त्याला हात लावायचा नाही. पहिल्यांदा शिकल्याशिवाय स्वतः करू नका. आणि पिल्लू नीट उडायला, उतरायला शिकेपर्यंत तर नाहीच. कापलेला पक्षीही वाऱ्यावर चौथ्या मजल्यावरून लांब जातो, तेव्हा खिडकीची जाळी काही सुटत नाही.

वऱ्हाडी_ऊन

आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. पक्षी तोंड उघडून बसतो. कूलरसमोर ठेवलं तर?

पाखरवैद्य

थेट झोतात नको, खोली कूलरनं थंड करा आणि पिंजरा बाजूला ठेवा. उथळ ताटलीत पाणी, त्यात कोथिंबिरीची जुडी, पक्षी त्यात लोळतात. धापा थांबत नसतील तर पायांवर आणि पंखाखाली साधं पाणी फवारा. बर्फाचं पाणी नको, अंगावर एकदम ओतायचंही नाही. दुपारी बारा ते चार भाजीची वाटी ठेवू नका.

कोकणात, मुंबईत उलट त्रास. पावसाळ्यात दाण्याला बुरशी लागते आणि ती फुप्फुसात जाते. पंधरा दिवसांपुरताच दाणा आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कोंदट वास आला तर टाकून द्या. शेंगदाणे त्या दिवसांत नकोतच.

निळीशाई

दुकानात अजून न पंख फुटलेली पिल्लं स्वस्तात देतात, ‘हातावर भरवलं की माणसाळतं’ म्हणून. घ्यावं का?

राळा_बाजरी

पहिल्यांदा पाळणाऱ्यानं नाही. खीर (पिल्लाला भरवायचं पातळ खाद्य) ३९ ते ४१ अंशांची लागते. ४३ च्या वर गेली तर गळ्याची पिशवी आतून भाजते आणि आठवड्याभरानं तिला भोक पडून खीर बाहेर गळते. गार दिली तर पिशवी रिकामी होत नाही, आत आंबते. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेणं इथे चालत नाही, थर्मामीटर लागतोच. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं उजवीकडे तिरकी, आणि मान हलवून गिळतंय तेव्हाच दाबायची, नाहीतर खीर श्वासनलिकेत. सात ते नऊ आठवड्यांचं, स्वतः दाणा सोलून खाणारं पिल्लू घ्या. विकत घेताना समोर दहा मिनिटं थांबून त्याला खाताना बघा. ते पिल्लूही कणसानं महिन्याभरात बोटावर येतं.

सह्यकडा

आणि आपला साधा हिरवा पोपट? अनेक घरांत आहे.

झिरोचा_दिवा

तो पाळणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. गळ्याला लाल कंठ असलेला, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा, दोन्ही जंगली, दोन्ही संरक्षित. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढून आणतात, त्यातली बरीच वाटेतच मरतात. पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

परदेशी पक्ष्यांचंही बघून घ्या. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. अशा साइट्सच्या यादीतल्या पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कॉकटील आणि बजरीगर त्या यादीत नाहीत.

ओलावा

शेवटचं विचारते. मादी एकटीच आहे, नर नाही, तरी अंडी घालतेय. एक दिवसाआड एक, आतापर्यंत चार. काढून टाकू का?

पाखरवैद्य

काढू नका ताई, काढलीत की ती भरपाई म्हणून आणखी घालते आणि प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. ती अंडी फळणार नाहीत, तशीच तिच्याखाली राहू द्या. साधारण २१ दिवस बसेल, मग स्वतःच कंटाळून उठेल, तेव्हा काढा. तोपर्यंत समुद्रफेस, शेवग्याचा पाला आणि रोज सकाळचं १५ मिनिटं थेट कोवळं ऊन. काचेआडचं ऊन चालत नाही, त्यातून ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण येत नाहीत. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली हवी.

पुढची खेप टाळायची तर संध्याकाळी सहालाच पिंजरा अंधारात न्या, दिवसाचा उजेड दहा-बारा तासांवर आणा. आरसा, खोका, मऊ कापडाचा तंबू, अंधारा कोपरा, सगळं काढा. मऊ-ओलं खाणं आणि मोड आलेली कडधान्यं काही आठवडे कमी करा, मुबलक खाणं दिसलं की तिला पिल्लांचा हंगाम वाटतो.

आणि आजपासून हे बघत राहा : तळाशी फुगून बसली, शेपटी खालीवर करत कुंथतेय, एक पाय लंगडतोय, शी बंद झाली. यातलं एकही दिसलं तर अंडं अडकलंय. ऊब द्या, खोक्यात गरम पाण्याची वाटी ठेवून दमट करा आणि तासाभरात निघा. तेल घालू नका, पोट दाबू नका, अंडं ओढू नका. आत फुटलं तर वाचवणं फार कठीण जातं. आजचं वजन किती भरलं ते कळवा.

ओलावा

सकाळी ९८ भरली, डॉक्टर. गेल्या आठवड्यात ९४ होती. शी मोठी पण दिवसातून सात-आठदा आहे, पाय ठीक.

पाखरवैद्य

मग बसू द्या. पाचवं अंडं आत असेल, वजन त्याचंच आहे. उद्या सकाळपर्यंत घातलं नाही आणि ती अस्वस्थ दिसली तर थेट दवाखान्यात, इथे लिहिण्यात वेळ घालवू नका.